तोरवरचा हरवलेला माणूस

मंगळवारी सकाळी सव्वासहाला सायराचा फोन वाजला. पलीकडची बाई रडत नव्हती, ओरडतही नव्हती. सपाट आवाजात ती म्हणाली, "एजे, माझी पोस्ट रात्रीत दारापर्यंत घसरली. ती वर बसवा. माझे वडील हरवलेत."

सायरा अंथरुणात उठून बसली. काराकोल शहराच्या छपरांवर दव गोठून पांढरं झालं होतं. ऑक्टोबर संपत आला होता आणि खिडकीबाहेरचा पारा उणे सहावर होता.

फोनवर बुरुल होती. लिहिणारे सगळेच सायराला 'एजे', म्हणजे ताई, म्हणायचे. काराकोलपासून तासाभरावर, जिर्गालान खोऱ्याच्या तोंडाशी तेरेक-बुलाक हे तिचं गाव. लोकर कुटून ती शिर्दाक, म्हणजे जाडजूड गालिचे, करायची आणि त्याबद्दल 'चायखान्या'वर ब्लॉग लिहायची. वाचक मोजून अकरा. तिचे वडील शार्शेन, मानाने म्हणायचं तर शार्शेन आके, शहात्तर वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी खोऱ्यातल्या खाणीचा कोळसा ट्रकने वाहिला. गेल्या दोन वर्षांत त्यांची आठवण गळत चालली होती. सोमवारी तिन्हीसांजेला बुरुल गाय आणायला गेली आणि परत आली तर दार सताड उघडं. आके घरातल्या लोकरी सपातांवरच गेले होते. कोट खुंटीला होता.

'चायखाना' ही किर्गीझ भाषेत लिहिणाऱ्यांची ब्लॉगची जागा. ज्या लेखाखाली लोक बोलत राहतात तो पहिल्या पानावर राहतो. त्या पानाचं नाव तोर, घरात दारासमोर पाहुण्याला देतात ती मानाची बैठक. बोलणं थांबलं की लेख घसरत घसरत दारात, जोड्यांपाशी जातो. ही नावं सायरानेच ठेवली होती आणि तेव्हा तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. बावीस वर्षं ती जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत होती. ते बंद पडलं आणि ती इथे आली. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून दिवसभर लोकांच्या कमेंट वाचायच्या आणि शनिवारी नवख्यांना वाचक कसे धरून ठेवायचे ते शिकवायचं, हे तिचं काम.

पोस्ट हाताने वर बसवता येत नव्हती. तरी सायराने राजधानीतल्या, बिश्केकच्या तांत्रिक माणसाला उठवून विचारलं. तो म्हणाला, एकाला हाताने वर बसवलं की उद्यापासून प्रत्येकाचं कोणी ना कोणी हरवायला लागेल. तो निर्दय नव्हता, पण त्या क्षणी सायराला त्याचा गळा धरावासा वाटला.

मग तिने बुरुलला शनिवारचा धडा फोनवरच दिला. चेहऱ्याचा फोटो नको, सपातांच्या जोडीचा टाक, चेहरे लोक रोज बघतात. शेवटी असा प्रश्न विचार की ज्याने तुझ्या वडिलांना कधी पाहिलं नाही त्यालाही उत्तर देता येईल. प्रत्येकाला नाव घेऊन, तासाच्या आत उत्तर दे. आणि सगळं एकाच वेळी सांगून टाकू नकोस. थोडं हातचं राख, लोक परत येतात.

"आणि सुयुंचू जाहीर कर," सायरा म्हणाली. "मोठी."

ते बुरुलला समजवावं लागलं नाही. आनंदाची बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याने 'सुयुंचू' म्हणून हात पुढे करायचा आणि ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे काहीतरी द्यायचं, ही या मुलखातली रीत. हरवलेली शेळी सापडली तरी माणूस सुयुंचू मागितल्याशिवाय तोंड उघडत नाही. बुरुलने आईच्या हातचा शिर्दाक जाहीर केला, घरातली सगळ्यात मोलाची चीज.

संध्याकाळपर्यंत सत्तर कमेंट आल्या. बुरुलने सत्तर जणांना उत्तरं दिली. 'आता लांडग्यांनी खाल्लं असेल' असं लिहिणाऱ्यालाही तिने लिहिलं, 'भाऊ, तुमच्या भागात लांडगे उतरले असतील तर कुठे ते कळवा.' तरी पोस्ट तोरला काही शिवेना.

बुधवारी कुबात आला.

कुबात म्हणजे सायराचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. एकोणतीस वर्षांचा, वाचक नऊ हजार. त्याच्या प्रत्येक लेखावर त्याचा फोटो असायचा आणि फोटोत आजोबांचं जुनं वैमानिकी जाकीट, तपकिरी चामड्याचं, आतून मेंढीची लोकर लावलेलं. वाचक त्याच्या तोंडाआधी जाकीट ओळखायचे. उन्हाळ्यातसुद्धा ते त्याच्या खांद्यावर असायचं आणि त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल व्हायची. स्वतःच्या गाडीने तो तेरेक-बुलाकला गेला, बुरुलच्या हातचा चहा प्याला आणि दारातल्या रिकाम्या खुंटीवर लिहिलं. दुपारपर्यंत लेख तोरवर होता. संध्याकाळी कमेंट चौदाशे.

बुरुलला तो देवासारखा वाटला. तिने त्याला तसं सांगितलंही.

पोलिसांनी मंगळवारी खोरं पहिल्या ओढ्यापर्यंत पाहिलं होतं. ओढ्याच्या वरचा भाग मी बघतो, असं कुबात म्हणाला. दिवस मावळताना त्याने खोऱ्यातून एक चित्रफीत टाकली. जाकिटाची कॉलर वर केलेली, तोंडातून वाफ निघतेय. इथेही कोणी पाहिलं नाही, म्हणाला, मी आणखी वर जाऊन बघतो. दोन तासांनी लिहिलं, वर कोणी नाही, खोरं रिकामं आहे. त्या रात्री त्याने बुरुलला फोन करून विचारलं की आके गोळ्या कोणत्या घेतात आणि केव्हा. तिने सगळं सांगितलं. तो लिहील, मग लोक औषधांच्या दुकानांत चौकशी करतील, असं तिला वाटलं.

गुरुवारी सगळं पश्चिमेला वळलं. बालिकचीच्या बसथांब्यावर असाच एक म्हातारा दिसला, असं एका ड्रायव्हरने कळवल्याचं कुबातने लिहिलं. बालिकची म्हणजे काराकोलजवळच्या मोठ्या सरोवराचं पार दुसरं टोक, जवळजवळ दोनशे किलोमीटर. चार गाड्या भरून गावकरी तिकडे गेले. दुपारी कुबातने किनाऱ्यावरचा फोटो टाकला. पातळ निळा कोट, लाल झालेलं नाक. एकाने खाली विचारलं, जाकिटाला सोडचिठ्ठी दिली का रे? कुबातने उत्तर दिलं, धुवायला टाकलंय. तीस जण हसले आणि बोलणं पुढे गेलं.

गुरुवारी संध्याकाळी बुरुल स्वतः कचेरीत आली. तीन दिवसांत ती झोपली नव्हती. केस विंचरलेले नव्हते आणि हातातला फोन ती क्षणभरही खाली ठेवत नव्हती.

"मी डोळे मिटले की कमेंट कमी होतात, एजे. पहाटे चारला बघितलं, तासात फक्त नऊ."

सायराने तिच्यापुढे चहा आणि बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, ठेवले. तिने हात लावला नाही.

"सपाता झाल्या. ट्रक झाला. आईशी लग्न कसं झालं ते झालं. एकदा दारूच्या नशेत त्यांनी ट्रक उलटवला होता आणि वर्षभर तुरुंगात होते, तेही सकाळी लिहिलं. आके ते कोणाला कळू देत नव्हते." ती थांबली. "आणि दुपारी लिहिलं की ते आता अंथरूण ओलं करतात. त्याला चारशे आले. आता काय सांगू म्हणजे लोक जाणार नाहीत?"

सायराकडे उत्तर होतं, कारण असली उत्तरं द्यायचाच तिचा धंदा होता. पण ते न देता उठून तिने बुरुलच्या हातातला फोन काढून घेतला आणि तिला बाकावर आडवं केलं. मग खाली जाऊन तेरेक-बुलाकच्या पोलीस चौकीवरच्या मेदेतला फोन लावला. मेदेत तरुण पण सरळ माणूस होता.

"मला खरं सांग," सायरा म्हणाली. "काय शोधतोयस?"

"प्रेत शोधतोय, एजे. उणे नऊ आहे आणि अंगावर कोट नाही. माझ्याच्याने तिला सांगवत नाही."

"कुत्र्यांना काही मिळालं?"

"पहिल्या ओढ्यापर्यंत माग होता. खाणीच्या रस्त्यानेच. म्हातारा कामावर निघाला असणार. पुढे पाण्यात माग गेला."

"मग ओढ्याच्या पलीकडे का नाही गेलास?"

"मंगळवारी अंधार पडला. बुधवारी कुबातने सगळं पाहिलं की. खोरं रिकामं आहे म्हणाला. माझ्याकडे माणसं दोन, मग मी ती बालिकचीला पाठवली."

"बालिकचीच्या थांब्यावर विचारलंस?"

"विचारलं. तिकीटवालीने पाहिलं नाही. पण गर्दीत काय दिसतंय."

सायराने फोन ठेवला आणि वर येऊन वाचायला बसली. आकेंविषयीच्या सगळ्या पोस्टखाली मिळून तीन हजारांवर कमेंट होत्या. प्रार्थना होत्या, सल्ले होते, शिव्या होत्या, एका माणसाने आपली मोटरसायकल विकायची जाहिरातही घुसवली होती. पहाटे वाचून संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की एक गोष्ट कुठेच नाही. कुबातने फोन करून गोळ्या विचारल्याचं बुरुलने आडवं होताना सांगितलं होतं, पण आकेंच्या गोळ्यांबद्दल त्याने एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने कुबातला चहाला बोलावलं. तो आला तोच दमलेला आणि खुशीत. निळा कोट काढून त्याने खुर्चीवर टाकला आणि शेगडीला हात शेकत बसला.

"बालिकचीचा तो ड्रायव्हर कोण?" सायराने विचारलं.

"नाव नाही सांगितलं, एजे. नंबरही लपवलेला होता."

"बोलला काय?"

"म्हातारा बाकावर बसला होता, लोकरी सपाता होत्या, म्हणाला. आणि ठेवला फोन."

"सुयुंचू मागितली?"

"नाही." कुबातने साखर ढवळली. "घाईत होता."

"बुरुलला गोळ्यांचं का विचारलंस?"

"लिहिणार होतो. मग राहून गेलं. आज लिहितो."

सायराने त्याचा पेला पुन्हा भरला आणि तो गेल्यावर खिडकीतून बघत राहिली. तो खांदे आखडून, हात काखेत घालून गाडीकडे पळाला.

दहा वाजता सायराने स्वतःच्या नावाने एक पोस्ट टाकली. ती वर्षात दोनदा लिहायची, म्हणून लोक धावून वाचायचे. पोस्ट चार ओळींची होती. काळजीचे दिवस आहेत, थोडं गोडही बोलूया, असं म्हणून तिने विचारलं होतं: या आठवड्यात तुमच्या आसपास कोणाला सुयुंचू मिळाली? कोणाला आणि काय? बारीकसारीक सांगा, मजा येते.

लोकांना अशा प्रश्नाची भूकच असते. कोणाला नातू झाला होता, कोणाच्या घोडीला शिंगरू. एका भाच्याला मामाने सुयुंचू म्हणून एकच हातमोजा दिला होता आणि दुसरा लग्नात देईन म्हणाला होता. तासाभरात पोस्ट तोरवर जाऊन बसली आणि शार्शेन आके दुसऱ्या जागी गेले.

लगेच फोन वाजला.

"तुम्ही माझ्या वडिलांना खाली ढकललंत," बुरुल म्हणाली. "आज चौथा दिवस आहे आणि तुम्ही लोकांना गमती विचारताय."

"बुरुल, मला दुपारपर्यंत वेळ दे."

"कशासाठी?"

सायराला सांगता आलं नाही. अंदाज चुकला तर पोरीला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल आणि बरोबर असला तर ती आनंदाच्या भरात नको त्याला सांगून बसेल. बुरुलने फोन आपटला. सायराने कमेंट वाचायला घेतल्या. प्रत्येकाला ती नाव घेऊन उत्तर देत होती, आणखी सांगा म्हणत होती.

बारा चाळीसला दोनशे बारावी कमेंट आली. जिर्गालानच्या वाटेवर किराणा दुकान चालवणाऱ्या बाईने लिहिली होती. वरच्या हिवाळी घरातला मेंढपाळ जापार काल साखर आणि मध न्यायला आला होता. सुयुंचू मिळाली म्हणून नुसता मिरवत होता, पण कशाची ते सांगेना, शपथ घातली आहे म्हणाला. पुढे तिने सुयुंचूचं वर्णनही केलं होतं. सायराने ते तीनदा वाचलं, आधी ती कमेंट लपवून टाकली आणि मग मेदेतला फोन लावला.

"जीप काढ. बुरुलला घे. आणि कोणालाही काही लिहू देऊ नकोस, तिचा फोन तुझ्या खिशात ठेव."

सायरा आडवाटेने येऊन ओढ्यापाशी त्यांना मिळाली. जीप ओढ्यातून वर चढली. बुरुल मागच्या बाकावर दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून बसली होती. तिने काहीच विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर नाही आलं तर, अशी भीती तिच्या तोंडावर उघड दिसत होती.

जापारचं हिवाळी घर आठ किलोमीटरवर, उताराच्या आडोशाला. मातीचं घर, धुराडं, मेंढ्यांचा वाडा. फोनला तिथे रेंज नाही. कुत्रं भुंकलं आणि जापार दारात आला. पन्नाशीचा, वाकड्या पायांचा माणूस, हातात वाफाळता पेला.

"आलात का," तो म्हणाला. "बरं झालं. रात्रीपासून फार खोकतोय."

बुरुल त्याच्या काखेखालून आत गेली.

आके चुलीशेजारी तीन गोधड्यांखाली होते. तोंड राखेच्या रंगाचं, ओठ निळसर. प्रत्येक श्वासाला छातीत घरघर होत होती. बुरुल त्यांच्यावर ओणवी झाली आणि चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. आकेंनी डोळे उघडून तिला बघितलं आणि ट्रक भरला का म्हणून विचारलं. ती म्हणाली भरला, आके, चला.

मेदेतने जापारला दारात धरलं.

"कुठे सापडले?"

"ओढ्याच्या वर, मंगळवारी उजाडता. मेंढ्यांमध्ये बसला होता, त्यांच्या उबेनेच वाचला. उचलून आणला."

"खाली कळवलं का नाही?"

"कळवलं की. घोडी लंगडत होती, म्हणून बुधवारी संध्याकाळी चालत निघालो. वाटेत हा घरचा माणूस म्हाताऱ्याचा फोटो घेऊन फिरताना भेटला. त्याला सांगितलं, सुयुंचू घेतली."

"घरचा माणूस कोण? तिच्या घरात दुसरं कोणी नाही."

जापारच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तो घरी येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे गोळ्या आणून दिल्या. म्हणाला, मुलगी काळजाने अधू आहे, एकदम सांगितलं तर जाईल. हळूहळू सांगतो, रविवारी नेतो, तोवर कोणाशी बोलू नका. मला ते पटलं. अशी बातमी सांभाळूनच सांगतात."

त्याच्या अंगावर जे होतं ते सायराने मेदेतला नजरेनेच दाखवलं. मेदेतने एक शिवी घातली आणि मग बायकांची माफी मागितली.

काराकोलच्या इस्पितळात आकेंना प्राणवायू लावला. दोन्ही फुप्फुसांना सूज होती. डॉक्टरीणबाईंनी बुरुलला स्पष्ट सांगितलं की तिथे आणखी एक रात्र काढली असती तर इथे आणायची गरज उरली नसती. आता आशा आहे.

पाच वाजता कुबात जिन्याने धावत वर आला. कोणीतरी जीप बघितली होती आणि बातमी शहरात पसरली होती. हातातला फोन समोर धरून तो बोलतच येत होता, मित्रांनो, मी इस्पितळात आहे, चमत्कार झालाय. मेदेतने तो फोन हातातून काढून घेतला. कुबातने सायराकडे बघितलं, मग बाकावर बसलेल्या जापारकडे. जापारच्या अंगात तपकिरी चामड्याचं, मेंढीच्या लोकरीचं जाकीट होतं. खांद्यांना ते मोठं होत होतं.

"हाच तो घरचा माणूस," जापार म्हणाला.

कुबात भिंतीला टेकला.

"तू म्हणालास जाकीट धुवायला टाकलंय," सायरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चामडं कोण धुतं? तिथेच मला थांबायला हवं होतं, पण मीही हसले. मग गोळ्या. तू विचारल्यास आणि लिहिल्या नाहीस. हरवलेल्या माणसाच्या गोळ्या जाहिरातीत घालायला विचारतात. जाहिरातीत घातल्या नाहीत, तर त्या द्यायच्याच असणार. द्यायच्या म्हणजे माणूस कुठे आहे ते माहीत असणार."

"मी लिहिणारच होतो, एजे."

"आणि तुझा बालिकचीचा ड्रायव्हर. मोठी सुयुंचू जाहीर झालेली, आणि हा माणूस हरवलेल्या बापाची बातमी देतो आणि काही न मागता फोन ठेवतो. असा माणूस आपल्यात आजवर जन्मला नाही. तू तो बनवलास आणि घाईत त्याला मागायला लावायचं विसरलास. मग मी उलटं बघायला लागले. आके कोणाला सापडले असतील तर त्याने सुयुंचू मागितलीच असणार. बुरुलकडे कोणी आलं नाही, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी दिली. बुधवारी संध्याकाळी खोऱ्यात फोटो घेऊन फिरणाऱ्यांपैकी, गुरुवारपासून कोणाच्या अंगावरची वस्तू गेली? आणि खोरं रिकामं आहे हे एकट्याच्याच शब्दावर सगळ्यांनी मानलं होतं. तुझ्याच. तरी हे सगळं माझ्या डोक्यात होतं. दुकानदारीणबाईंनी जाकिटाचं वर्णन लिहिलं तेव्हा ते हातात आलं."

"बाकी सगळं खोटं बोलायला जीभ रेटली," मेदेत म्हणाला, "तर सुयुंचू कशाला दिलीस? नाही म्हणायचं."

कुबातने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू प्रश्नच कळला नाही.

"हात पुढे केला होता त्याने," तो म्हणाला. "खिशात काही नव्हतं. न देता कसा जाणार?"

जापार जाकिटाची बटणं काढायला लागला.

मग कुबात एकाएकी तावातावाने बोलू लागला. मी त्यांना उपाशी ठेवलं नाही, चुलीशेजारी ठेवलं, गोळ्या नेऊन दिल्या. छातीत सर्दी भरेल हे मला काय माहीत? आणि हिला कोण वाचत होतं? अकरा माणसं. मी लिहिलं म्हणून अख्खा देश तिच्या बापासाठी प्रार्थना करत होता. बुधवारी सापडले म्हणून सांगितलं असतं तर गुरुवारी कोणी नाव काढलं नसतं. तीनच दिवस, एजे, तीन दिवसांत माझे नऊचे एकोणतीस हजार झाले. रविवारी मी सांगणारच होतो.

ते खरं होतं. मेदेतच्या सांगण्यावरून सायराने कुबातचे न छापलेले लेख उघडले, तेव्हा एक लेख तयार सापडला. 'सापडले!' असं शीर्षक, बुधवारी रात्री लिहिलेला, आपोआप प्रसिद्ध व्हायची वेळ रविवार संध्याकाळी आठ. त्यात कुबात एकट्याने डोंगर चढून आकेंना शोधून काढतो आणि खांद्यावर घेऊन खाली आणतो. लिहिलं चांगलं होतं, हे तिला नाकारता आलं नाही.

मेदेत त्याला घेऊन गेला. जापारने जाकीट घडी करून बाकावर ठेवलं आणि तोही गेला. सायरा आत आली. बुरुल पलंगाशी बसून नळीतून येणाऱ्या हवेचा आवाज ऐकत होती. सगळं तिने दारातून ऐकलं होतं.

"रविवार आठच का?" तिने विचारलं.

माहीत नाही म्हणता आलं असतं. सायरा म्हणाली, "रविवारी आठला लोक जेवून मोकळे होतात. सगळ्यात जास्त तेव्हा वाचतात. ते मी शिकवलं. शनिवारच्या वर्गात."

बुरुलने मान हलवली.

"मलाही तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "एकाच वेळी सगळं सांगू नकोस. मी त्यांची लाज रोज थोडी थोडी बाहेर काढली, एजे. तुरुंग, अंथरूण. त्याने बाप लपवला आणि मी बाप उघडा केला. गावात परत गेल्यावर कोणीतरी त्यांना हे वाचून दाखवणारच."

"तू त्यांना वाचवायला लिहिलंस."

"हो. पण ते लिहिण्याने नाही वाचले. ते वाचले त्या मेंढपाळाने सुयुंचू मागितली म्हणून." तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. "पुसा ते सगळं."

पुराव्यापुरत्या नकला मेदेतने घेतल्या होत्या. सायरा खिडकीशी उभी राहून फोनवर एकेक पोस्ट पुसू लागली. प्रत्येक वेळी यंत्र विचारायचं, नक्की का, आणि ती हो म्हणायची. सपाता गेल्या, ट्रक गेला, तुरुंग गेला. चारशे कमेंटची ती दुपारची पोस्ट तिने न वाचता पुसली. प्रत्येक पोस्टबरोबर अनोळखी लोकांच्या प्रार्थनाही जात होत्या आणि त्याचं तिला वाईट वाटलं. शेवटची गेली तशी यंत्राने पुढची पोस्ट उचलून तोरवर बसवली. ती सायराची होती. तेवढ्यात तिच्याखाली कोणीतरी विचारलं होतं, एजे, उत्तरं का देत नाही आहात?

तिने तीही पुसली. मग शनिवारच्या वर्गाची सूचना काढून टाकली, फोन बंद केला आणि खुर्ची ओढून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. बुरुलने तिला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.